खेळता खेळता हेडसेट काळा, स्टिअरिंग ढिलं: परत परत येणाऱ्या यूएसबीच्या दुखण्याचा माग

मी पीसीवर व्हीआर हेडसेट घालून पिनबॉल आणि कार रेसिंग खेळतो. आधी नेमकं काय होत होतं ते सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. खेळ रंगात आलेला असताना विंडोजचा तो यूएसबी निघाल्याचा दोन सुरांचा आवाज कानात येतो, लगेच हेडसेटमधलं चित्र थिजतं आणि काळं होतं, स्टिअरिंगमधला जोर जाऊन ते हातात ढिलं पडतं, आणि तीन-चार सेकंदांनी यूएसबी लागल्याचा आवाज येऊन सगळं एकेक करून परत येतं. पण तोवर बॉल गटारात गेलेला असतो नाहीतर गाडी भिंतीवर. आठवडाभर काहीच होत नाही, मग एका संध्याकाळी तीनदा. असं जवळपास वर्षभर चाललं, मध्ये दोनदा "सुटला एकदाचा प्रॉब्लेम" म्हणून मी निवांत झालो आणि दोन्ही वेळा तो परत आला.

माझी मांडणी अशी आहे. एकच पीसी, त्याला व्हीआर हेडसेट केबलने जोडलेला. पिनबॉलसाठी लाकडी अर्धं कॅबिनेट आहे, म्हणजे पुढचा भाग, दोन्ही बाजूंना फ्लिपरची, म्हणजे बॉल उडवणाऱ्या दांड्यांची, बटणं, बॉल सोडायचा प्लंजर, आणि आत २४ व्होल्टवर चालणाऱ्या, ठोका मारणाऱ्या कॉइल. वर स्क्रीन नाही, कारण टेबल हेडसेटमध्ये दिसतं. लोक विचारतात की टेबल डोळ्यापुढे आभासीच आहे तर खाली खऱ्या कॉइल कशाला, तर एकदा हात ठेवून बघा. फ्लिपर मारला की लाकडातून तळहाताला जो ठोका बसतो त्याने मेंदू मान्यच करतो की समोर खरा २७ मिलिमीटरचा, ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा पळतोय. रेसिंगसाठी अॅल्युमिनिअम प्रोफाइलची रिग, म्हणजे बसायची चौकट, त्यावर स्टिअरिंग थेट फिरवणारी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर, दाब मोजणारे लोडसेलवाले पेडल, हँडब्रेक आणि बटणांचा एक डबा. हे सगळं आणि हेडसेटसुद्धा तेव्हा एकाच यूएसबी हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डब्यावर, होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता मी काय काय करून बघितलं. ड्रायव्हर काढून परत टाकले, ग्राफिक्स कार्डचा जुना ड्रायव्हर टाकला, हेडसेट फॅक्टरी रीसेट केला, केबल बदलली, बायोस अपडेट केलं. विंडोजमधली यूएसबीची वीज वाचवायची सोय बंद केली, म्हणजे पॉवर प्लॅनमधलं सिलेक्टिव्ह सस्पेंड आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण. ही शेवटची गोष्ट सगळ्यांनी करावीच, माझी "गेम सुरू केला की पहिल्या लॅपला हँडब्रेक मेलेला" ही वेगळी तक्रार त्याने कायमची गेली. पण मुख्य दुखणं होतं तसंच.

चूक कुठे होत होती तर मी काहीतरी बदलायचो, दोन दिवस बरं चालायचं, मग ते बदललेलंच औषध होतं असं धरून चालायचो. ज्या गोष्टीची वारंवारताच अनियमित आहे तिला दोन दिवस काही झालं नाही याला काडीचाही अर्थ नाही. शेवटी वही घेतली. प्रत्येक वेळी तारीख, किती वाजता, कुठला गेम, आणि त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण आधी गेलं. त्यासाठी यूएसबीलॉगव्ह्यू नावाचा एक छोटा फुकट प्रोग्राम आहे, तो मागे चालू ठेवायचा, कुठलं यूएसबी उपकरण कधी निघालं कधी लागलं याची वेळेसकट यादी तो आपोआप करत राहतो.

पाच आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं की हे एक दुखणं नाहीच, दोन आहेत आणि दोघांचं लक्षण सारखं आहे. पिनबॉलच्या नोंदींमध्ये हबवरची सगळी उपकरणं एकाच सेकंदाला गेलेली होती. रेसिंगच्या नोंदींमध्ये आधी नेहमी पेडल जायचे, मग एखाद्या सेकंदाने बाकी सगळे. म्हणून तर वर्षभर माझा गोंधळ चालला होता, एका आजाराला थोडा उतार पडला की दुसरा डोकं वर काढायचा आणि मला वाटायचं तोच परत आला.

पिनबॉलवाला आधी घेतो, कारण त्यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला.

सुरुवातीला मला वाटलं मल्टिबॉलमध्ये, म्हणजे एकावेळी अनेक बॉल टेबलावर असताना, होतंय, कारण तेव्हा सगळ्या कॉइल धडाधड वाजत असतात, सप्लायवर लोड येत असणार. म्हणून मेडिव्हल मॅडनेस लावून मुद्दाम मल्टिबॉल काढत बसलो, विल्यम्सचं १९९७ चं टेबल, किल्ला फोडायचा असतो ते, खेळायला फार सुरेख आहे आणि कॉइलना उसंत देत नाही. दोन तास काही झालं नाही. मग वही परत वाचली आणि ध्यानात आलं की पिनबॉलच्या सहाच्या सहा नोंदींमध्ये मी "चांगला गेम चालू होता" असं काहीतरी लिहिलंय. एकात "नुकताच रिप्ले मिळाला". रिप्ले म्हणजे चांगल्या गुणांवर मिळणारा फुकट गेम, आणि तो मिळाला की काय वाजतं? नॉकर. तो एकच ठाक असा जोरात ठोका, स्पेशल किंवा रिप्लेला बसणारा. म्हणजे जी कॉइल तासात एखाद्या वेळी वाजते तीच दोषी. नेहमी वाजणाऱ्या फ्लिपरच्या कॉइलवर संशय घेऊन मी त्यांचे डायोड (कॉइलचा विजेचा फटका जिरवणारे छोटे भाग, पुढे सांगतो) तीनदा तपासले होते आणि नॉकरकडे एकदाही बघितलं नव्हतं.

तपासायला सोपं आहे. माझा कंट्रोलर, म्हणजे बटणं आणि कॉइल पीसीशी जोडणारा भाग, हा पिनस्केपचं सॉफ्टवेअर टाकलेला केएल२५झेड बोर्ड, त्याच्या सेटअप प्रोग्राममध्ये प्रत्येक आउटपुट हाताने वाजवून बघता येतो, गेम सुरू करायची गरजच नाही. फ्लिपर पन्नास वेळा, स्लिंगशॉट पन्नास वेळा, काही नाही. नॉकर, चौथ्या ठोक्याला निघाल्याचा आवाज आला आणि सगळं गेलं. परत, सातव्याला. परत, दुसऱ्याला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते दुखणं माझ्या हुकमावर उठत होतं, मला त्या आवाजाचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

सप्लाय बंद केला, प्लग काढला, कपॅसिटर रिकामे व्हायला दोन मिनिटं दिली आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. वरून बघितलं तर नॉकरच्या कॉइलवर डायोड अगदी जागेवर, पट्टा बरोबर प्लसच्या बाजूला. चिमट्याने हलवला तेव्हा दिसलं, एक पाय सोल्डरच्या गोळ्यात नुसता टेकून उभा होता. गोळ्यावर पायाभोवती केसाएवढी गोल भेग. नॉकर बसतो तेव्हा जो दणका लागतो त्यानेच तो टाका सैल झालेला. कधी टेकायचा, कधी नाही. म्हणून कधी चौथ्या ठोक्याला तर कधी सातव्याला.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉइलमधून करंट चालू असतो आणि तो झटकन तोडला की तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि उलट दिशेने व्होल्टेजचा फटका मारतं, २४ व्होल्टच्या कॉइलमधून शेकडो व्होल्टचा निघू शकतो. डायोड समांतर लावलेला असेल तर त्या करंटला कॉइलमध्येच गोल फिरून विरायला वाट मिळते. नसेल तर तो फटका वायरींमध्ये, सप्लायमध्ये, ग्राउंडमध्ये जिथे वाट मिळेल तिथे पसरतो. आणि यूएसबी २.० चा हाय-स्पीड सिग्नल जेमतेम ०.४ व्होल्टचा असतो. त्याच्या शेजारी असा फटका बसला की हब गोंधळून रीसेट होतो, आणि हब गेला की त्याच्यावर जे जे आहे ते सगळं जातं. म्हणून हेडसेट काळा व्हायचा, हेडसेटचा त्यात काही दोष नव्हता.

उपाय म्हणजे १एन४००७ डायोड, एक अँपिअर आणि हजार व्होल्टचा, कुठेही मिळणारा. पट्टा असलेली बाजू कॉइलच्या प्लसला. उलटा लावलात तर तो सरळ शॉर्ट होतो, फ्यूज जाईल किंवा कॉइल चालू-बंद करणारा मॉसफेट, तेव्हा लावताना दोनदा बघा. जुना सुधारत न बसता मी नवा लावला, पाय आधी लगमध्ये वळवून अडकवले आणि मग सोल्डर ओतलं, म्हणजे धक्का सोल्डरवर न येता वळणावर येईल. मग कॅबिनेटमधल्या बाकी सगळ्या कॉइलचे डायोड तसेच चिमट्याने हलवून बघितले, आणखी एक सैल निघाला. नुसतं डोळ्याने बघून किंवा मल्टीमीटरने मोजून हे सापडत नाही, मोजताना तो पाय टेकलेला असतो आणि रीडिंग छान येतं. हलवूनच बघायला हवं. कॉइलच्या वायरी आणि यूएसबीची केबल एकाच जुडग्यात बांधल्या होत्या त्याही वेगळ्या केल्या, कॅबिनेटच्या दोन वेगळ्या बाजूंनी.

याच कॉइलची अजून एक भानगड सांगून टाकतो. केएल२५झेडवर अॅक्सेलरोमीटर असतो, तुम्ही कॅबिनेटला धक्का दिला की तो टेबलाला नज म्हणून कळतो. पण कॉइलचा ठोकाही त्याला धक्काच वाटतो. मल्टिबॉलमध्ये हात न लावता टिल्ट होत असेल, म्हणजे जास्त धक्क्याबद्दल टेबल बंद पडत असेल, किंवा बॉल उगाच वळतोय असं वाटत असेल तर बोर्ड कॉइलपासून लांब हलवा आणि नजचा डेड झोन, म्हणजे दुर्लक्ष करायच्या बारीक धक्क्यांची मर्यादा, वाढवा. मी बोर्ड कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात नेला.

आता रेसिंग. पिनबॉल सुधारला आणि पुढच्या आठवड्यात जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकवर कारुसेल या वळणात हेडसेट गेला. ज्यांनी चालवलंय त्यांना माहीत आहे, काँक्रीटच्या फरशांचं ते आतल्या बाजूला कललेलं वळण, चाक आत टाकलं की स्टिअरिंग हातात थडथडतं. वहीत बाकीच्या नोंदी मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनमधल्या (लागोपाठच्या उलटसुलट वळणातल्या) कर्बवरच्या, म्हणजे कडेच्या खडबडीत पट्टीवरच्या. म्हणजे जिथे मोटर जोरात झटके देते तिथेच. यावर करायची चाचणी एकच आणि मला वाटतं यापेक्षा चांगली दुसरी नाही: असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये फोर्स फीडबॅकचा, म्हणजे स्टिअरिंगमधल्या मोटरच्या जोराचा, गेन शून्यावर आणायचा आणि त्याच कर्बवरून चाळीस-पन्नास वेळा जायचं. गाडी तीच, ट्रॅक तोच, हेडसेट तोच, फक्त मोटर गप्प. शून्यावर एकदाही पेडल गेले नाहीत. गेन परत जागेवर आणला आणि विसाव्या मिनिटाला गेले. म्हणजे ग्राफिक्स, गेम, हेडसेट, विंडोज यातलं काहीही नाही, मोटरचा विजेचा गोंगाट पेडलच्या केबलमध्ये शिरतोय.

मग रिगखाली बघितलं तर पेडलची यूएसबी केबल आणि मोटरच्या सप्लायची जाड केबल मीच हौसेने टाय लावून शेजारी शेजारी, एका प्रोफाइलच्या खाचेतून, दीड मीटरभर नेलेली. दिसायला फार नीटनेटकं दिसत होतं. ते सोडवलं. मोटरची केबल उजव्या बाजूने, पेडलची डाव्या, आणि जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात. पेडलच्या केबलला दोन्ही टोकांना गोंगाट अडवणारे, चाप लावायचे फेराइट लावले, केबल त्यातून एक वेढा देऊन. पेडलला जी तीन मीटरची एक्स्टेन्शन जोडली होती ती काढून टाकली आणि पीसी जवळ सरकवला.

एवढ्याने बराच फरक पडला पण पूर्ण नाही, महिन्यात दोनदा तरी जायचेच. शेवटचा भाग निघाला अर्थिंगचा. मोटर रिगला बोल्टने बसवलेली, पेडलही रिगला बसवलेले, पण रिग स्वतः कशालाच जोडलेली नव्हती. आणि प्रोफाइलचे तुकडे एकमेकांना बोल्ट केले तरी त्यांच्यावर अॅनोडायझिंगचा जो थर असतो तो वीज जाऊ देत नाही, हे मला माहीत नव्हतं. मल्टीमीटर कंटिन्यूटीला लावून एका तुकड्यावरून दुसऱ्यावर टेकवला तर बीपच नाही. जोडावर थोडा थर खरवडला, दातेरी वॉशर घातले, मग बीप आली. त्यानंतर रिगपासून पीसीच्या कॅबिनेटच्या धातूला एक जाड वायर, कारण पीसीचं कॅबिनेट तीन पिनी प्लगमधून अर्थला जोडलेलं असतं. तुमच्या भिंतीच्या सॉकेटमध्येच अर्थ नसेल तर मात्र आधी वायरमनकडून ते करून घ्या, त्याशिवाय या वायरीचा उपयोग नाही, आणि अर्थची पिन काढलेला प्लग कुठेही वापरू नका.

आणि हब. सगळी अंडी एका टोपलीत होती ती काढली. हेडसेट आता थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टवर, पुढच्या पॅनलच्या नाही, कारण पुढचे पोर्ट आतल्या एका लांब वायरीवर लोंबत असतात. पिनबॉलचा बोर्ड दुसऱ्या मागच्या पोर्टवर. रेसिंगचं सामान स्वतःचा अॅडॉप्टर असलेल्या हबवर. आधीचा हब पीसीकडूनच वीज घेणारा होता, यूएसबी ३.० चा पोर्ट नियमाने ९०० मिलिअँपिअर देतो आणि त्यात मी हेडसेट, पेडल, हँडब्रेक, बटणं सगळं बसवायला बघत होतो. यूएसबीचा छोटा मीटर मध्ये लावून बघितलं तेव्हा हेडसेट लावल्याबरोबर व्होल्टेज ५ वरून ४.४ च्या आसपास येताना दिसलं. अशा उंबरठ्यावर सगळं चाललेलं असताना मग बारीकसा फटकाही पुरतो.

वायरलेस माउस किंवा कीबोर्डचा डोंगल वापरत असाल आणि तेवढाच अडखळत असेल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टशेजारून काढा, यूएसबी ३ च्या केबल आणि पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. डोंगल छोट्या एक्स्टेन्शनने हातभर लांब नेला तरी पुरतं.

आता एक वेगळी गोष्ट, कारण बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. चित्र धक्के खात असेल पण यूएसबीचा आवाज येत नसेल तर वरचं काहीही करू नका, तो प्रकार फ्रेमचा आहे. ९० हर्ट्झला प्रत्येक फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही की हेडसेटचं सॉफ्टवेअर गेमला ४५ वर आणतं आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतं. ओळखायची खूण सांगतो, पिनबॉलमध्ये जोरात जाणारा बॉल एकाचे दोन दिसायला लागतो, आणि रेसिंगमध्ये रस्त्याकडेचे खांब दुहेरी दिसतात, डॅशबोर्ड मात्र स्वच्छ. अशा वेळी रिझोल्यूशन आधी कमी करू नका. रेसिंगमध्ये आरसे, सावल्या आणि दिसणाऱ्या गाड्यांची संख्या कमी करा, आणि तरी जमत नसेल तर हेडसेट ७२ हर्ट्झवर आणा, तिथे प्रत्येक फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात. मला कायम पूर्ण होणारे ७२ हे अधूनमधून अर्धे होणाऱ्या ९० पेक्षा फार बरे वाटतात, मळमळही कमी होते.

फ्लिपर उशिरा उठतोय असं वाटत असेल तर वाटण्यावर जाऊ नका, मोजा. ज्यांचं कॅबिनेट टीव्हीवर चालतं त्यांच्यासाठी हे खास. फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावायचा, बटण आणि स्क्रीन दोन्ही एका चौकटीत घ्यायचं, मारायचं आणि मग फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. माझ्या जुन्या टीव्हीवर १९ फ्रेम लागत होत्या, म्हणजे जवळजवळ ८०. टीव्हीचा गेम मोड लावला आणि व्ही-सिंक (फ्रेमची स्क्रीनशी जुळवणी) बंद केलं, तेव्हा ९ वर आलं. तेवढ्यात पूर्वी हुकणारे रॅम्प बसायला लागले.

ट्रॅकिंग उडत असेल तर हेडसेटच्या कॅमेऱ्यांना खोली नीट दिसत नाहीये एवढंच, मोठा आरसा झाका, उजेड बरा ठेवा, कॅमेरे पुसा. आणि हेडसेट कधीही खिडकीत उन्हात ठेवू नका, लेन्समधून ऊन आतल्या स्क्रीनवर एकवटलं की तिथे कायमचा डाग पडतो.

हे सगळं होऊन आता साडेतीन महिने झाले. वही चालूच आहे. या काळात एक नोंद आहे, रेसिंगमध्ये, आणि ती पेडलपासून सुरू न होता हँडब्रेकपासून सुरू झाली. त्याच्या केबलला अजून फेराइट लावलेलं नाही आणि ती अजून मोटरच्या बाजूनेच जाते, या रविवारी ती फिरवणार आहे. तुमच्याकडे असंच काही होत असेल आणि विचारायचं असेल तर तीन गोष्टी आधी बघून ठेवा: यादीत कुठलं उपकरण सगळ्यात आधी गेलं, मोटरचा गेन शून्यावर ठेवून काय झालं, आणि कॉइल असतील तर त्या एकेक करून हाताने वाजवल्यावर कुठलीला गेलं.